‘जर’चा काळ : बिल्ड स्क्रिप्टमधील संकेतार्थाची चिकित्सा

मराठी व्याकरणात आख्याताचे चार अर्थ मानण्याची प्रथा आहे : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. यांपैकी संकेतार्थाकडे अभ्यासकांचे लक्ष सर्वांत कमी गेले आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्याला शतक उलटून गेले तरी वर्गात संकेतार्थ शिकविताना ‘जर-तर असेल ते संकेतार्थी वाक्य’ एवढ्यावरच आपण बहुधा थांबतो. वस्तुतः ‘जर’ हा शब्द वाक्यातून काढून टाकला तरी अर्थ ढळत नाही. अर्थाचे ओझे क्रियापदाच्या रूपावर असते.

कोल्हापूरच्या वाचकांना परिचित असलेले उदाहरण घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरली जाते. ‘पाणी ४३ फुटांवर गेले तर गाव हलवू’, ‘पाणी ४३ फुटांवर गेले असेल तर गाव हलवू’ आणि ‘पाणी ४३ फुटांवर गेले असते तर गाव हलवले असते’ ही तीन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यात ‘गेले’ हे रूप भूतकाळाचे असूनही घटना भविष्यातील आहे. हे भूतरूप घटनेचा काळ सांगत नाही. उत्तरवाक्यातील क्रियेपूर्वी ही घटना पूर्ण झालेली असली पाहिजे, एवढेच ते सांगते. दुसऱ्या वाक्यात घटनेचा निकाल आधीच लागलेला आहे. बोलणाऱ्याला तो अजून ठाऊक नाही, इतकेच. म्हणून कोणीतरी बंधाऱ्यावर जाऊन पातळी पाहून यावयाचे आहे. तिसऱ्यात निकालही लागलेला आहे आणि तो ठाऊकही आहे; अट फोल ठरल्यामुळे उत्तरवाक्य हे कधीही न घडलेले जग आहे. असे असूनही मराठी बोलणारे लहान मूल ही तीन रूपे एकमेकांच्या जागी वापरीत नाही. अट केव्हा निकालात निघते आणि तो निकाल कोणाला ठाऊक असतो, या दोन गोष्टी आपली भाषा क्रियापदावरच कोरून ठेवते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र नदी नव्हे. संगणकाचा कोणताही मोठा प्रोग्राम शेकडो फायलींत लिहिलेला असतो. त्यांतील कोणती फाइल आधी संकलित करावयाची, कोणती कशावर अवलंबून आहे, कोणते ग्रंथालय जोडावयाचे, हे सांगणारा जो आज्ञालेख असतो त्यास बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ त्याकडे उपकरण म्हणून पाहतात. परंतु हा लेख यंत्र वाचते तसा दहा वर्षांनी त्या प्रकल्पावर येणारा अनोळखी माणूसही वाचतो, आणि त्या माणसाच्या दृष्टीने तो एक संहिता असतो. संहिता म्हटली की तिच्या व्याकरणाची चिकित्सा करण्याचा अधिकार भाषाशास्त्रालाही पोहोचतो. या चिकित्सेत एकच मुद्दा मांडावयाचा आहे : मराठी ज्या तीन अटी तीन रूपांनी वेगळ्या ठेवते, त्या बिल्ड स्क्रिप्टच्या भाषांनी एकाच ‘इफ’मध्ये कोंबल्या आहेत, आणि त्यातून उद्भवणारे घोटाळे अज्ञानापेक्षा व्याकरणाच्या उणिवेतून अधिक येतात.

या परंपरेचा मूळ ग्रंथ म्हणता येईल असे साधन म्हणजे ‘मेक’. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली लिहिले. मूळ मेकमध्ये ‘इफ’ नव्हतेच, आणि त्याची उणीवही तितकीशी जाणवत नव्हती, कारण मेकचा प्रत्येक नियम हीच एक अध्याहृत अट असते : लक्ष्य-फाइल मूळ फाइलीपेक्षा जुनी असेल तर पुढील आज्ञा चालव. येथे अट कोणती, तिचा निकाल केव्हा लागतो, कोण लावतो, याविषयी संशय नाही. पुढे एकच प्रोग्राम अनेक प्रकारच्या यंत्रांवर बांधण्याची गरज पडली आणि मेकच्या निरनिराळ्या आवृत्त्यांनी उघड अटी आणल्या. त्यांपैकी आज सर्वाधिक वापरात असलेली आवृत्ती म्हणजे ग्नू मेक. तिच्यात ‘इफ-ईक्यू’, ‘इफ-एनईक्यू’, ‘इफडेफ’, ‘इफ-एनडेफ’ अशी चार अटदर्शक पदे आहेत.

ग्नू मेक आपले काम दोन टप्प्यांत करते. प्रथम ती सगळी मेकफाइल वाचते व कोण कोणावर अवलंबून आहे याचा आराखडा मनात तयार करते. त्यानंतर आज्ञा चालविते. वरील चारही अटी पहिल्या टप्प्यात, म्हणजे वाचनाच्या वेळीच, निकालात निघतात. जी शाखा नाकारली जाते ती मेकच्या दृष्टीने लिहिलेलीच नसते. परंतु त्याच मेकफाइलीत, त्याच नियमाखाली, आज्ञांच्या ओळींत शेलचा स्वतःचा ‘इफ’ लिहिता येतो आणि तो दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे क्रियेच्या वेळी, निकालात निघतो. दोन ‘इफ’ एकाखाली एक, फार तर एका टॅबच्या अंतरावर. आणि त्यांचा काळ वेगळा.

हा भेद राधानगरी धरणाच्या साहाय्याने स्पष्ट करता येईल. तेथील सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. अट आणि क्रिया यांच्यामध्ये तेथे कागद नाही, माणूसही नाही. शेलचा ‘इफ’ या जातीचा. ‘इफ-ईक्यू’ची जात निराळी : आदल्या सायंकाळी पातळी पाहून उद्याचा हुकूम लिहून ठेवावा तसा तो असतो. रात्रीत पाऊस कितीही पडो, हुकूम बदलत नाही.

यातून होणारा एक घोटाळा प्रयोगशाळांत नित्य आढळतो. मेकफाइलीत एका नियमाने एखादी फाइल तयार व्हावयाची असते, आणि वर कोठेतरी ‘ही फाइल अस्तित्वात असेल तर अमुक पर्याय जोड’ अशी ‘इफ-ईक्यू’ची अट असते. पहिल्या खेपेस वाचनाच्या वेळी फाइल नसते. अट फोल ठरते. नंतर क्रियेच्या टप्प्यात फाइल तयार होते. दुसऱ्या खेपेस तीच मेकफाइल, तेच यंत्र. पण आता फाइल आहे, म्हणून अट खरी ठरते आणि निराळाच प्रोग्राम बांधला जातो. ‘पुन्हा एकदा मेक चालवा, म्हणजे होईल’ हा तोडगा ज्यांनी ऐकला आहे त्यांनी या दोषाचे दर्शन घेतलेले आहे. लेखकाच्या मनात ‘फाइल झाली तर’ होते, यंत्राने ‘फाइल झाली असेल तर’ वाचले. ग्नू मेकच्या पुस्तिकेत हा नियम स्पष्ट सांगितलेला आहे, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. पण जो भेद रूपात नाही तो पुस्तिकेत सांगून भागत नाही. व्याकरण ही परिशिष्टात ठेवावयाची वस्तू नव्हे.

‘इफडेफ’विषयीही थोडे सांगितले पाहिजे. नावावरून वाटते की चलाला काही मूल्य आहे का, हे तो पाहतो. प्रत्यक्षात चलाची व्याख्या रिकामी नाही ना, एवढेच तो तपासतो. त्या व्याख्येचा विस्तार करून पाहत नाही. म्हणजे ‘अ’ या चलाची व्याख्या ‘ब’चे मूल्य अशी केली, आणि ‘ब’ रिकामा ठेवला, तरी ‘अ’ हा ‘इफडेफ’ला भरलेला वाटतो. पाकीट आले म्हणून आत पत्र आहेच असे समजण्यासारखे हे झाले. याहून सूक्ष्म प्रकार पोकळ जागेचा आहे. चलाला ‘होय’ असे मूल्य देऊन त्याच ओळीत थोड्या अंतरावर टीप लिहिली, तर शब्द व टीप यांच्यामधील रिकामी जागा मूल्यातच राहते, आणि मग ‘होय’शी केलेली तुलना फोल ठरते. विरामाला वर्णाचा दर्जा देणारी भाषा मानवी भाषांत सापडणे कठीण. येथे ती सहज सापडते.

सी-मेक हे साधन किटवेअर या संस्थेने २००० सालाच्या सुमारास हाती घेतले. ते स्वतः बांधणी करीत नाही. मेक किंवा तत्सम साधनांसाठी आज्ञालेख तयार करून देते. त्यामुळे काळ दोनांचे तीन झाले : रचनेचा, निर्मितीचा आणि प्रत्यक्ष बांधणीचा. सी-मेकचा ‘इफ’ रचनेच्या वेळी निकालात निघतो. आता व्हिज्युअल स्टुडिओ किंवा एक्सकोड यांसारख्या साधनांत दोषशोधनाची आवृत्ती बांधावयाची की वितरणाची, हे बांधणीच्या वेळीच ठरते. रचनेच्या वेळी त्या प्रश्नाचे उत्तर अस्तित्वातच नसते. तरीही ‘बांधणीचा प्रकार दोषशोधनाचा असेल तर’ अशी अट साध्या ‘इफ’मध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टा विपुल आहेत. त्या मेकसह वापरल्या की चालतात. व्हिज्युअल स्टुडिओसाठी वापरल्या की अट मुकाट्याने फोल ठरते, कारण तुलना रिकाम्या शब्दाशी होते. कोठेही त्रुटी दाखविली जात नाही.

सी-मेकच्या कर्त्यांनी यावर ‘जनरेटर एक्स्प्रेशन’ नावाचे निराळे रूप काढले. डॉलरचे चिन्ह, मग कोनी कंस, त्यात अट, विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यापुढे मूल्य, असे ते लिहितात. दिसावयास ते विद्रूप आहे, आणि एकात एक गुंफले म्हणजे वाचणाऱ्याचा अंत पाहते. विद्यार्थी त्याला नाके मुरडतात. प्रस्तुत लेखकाचे मत याबाबत थोडे वेगळे आहे. उशिरा निकालात निघणाऱ्या अटीला वेगळे रूप द्यावे, ही कल्पना मराठीतील ‘झाले तर’ आणि ‘झाले असेल तर’ यांच्या भेदाइतकीच रास्त आहे. विद्रूपतेचा दोष लेखनपद्धतीचा आहे, विचाराचा नव्हे. या क्षेत्रात काळाला रूप देण्याचे प्रयत्न मोजकेच झाले आहेत, आणि हा त्यांपैकी एक प्रामाणिक प्रयत्न मानावा लागेल.

याच ‘इफ’चा आणखी एक दोष संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांना विशेष रंजक वाटेल. पूर्वी सी-मेकमध्ये अटीत अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्दही, त्या नावाचे चल अस्तित्वात असल्यास, चल म्हणून वाचला जाई व त्याचे मूल्य घेतले जाई. कंपायलरचे नाव ‘एमएसव्हीसी’ आहे का, असे विचारावे, तर ‘एमएसव्हीसी’ हे एका चलाचेही नाव असल्यामुळे आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर त्याचे मूल्य १ असल्यामुळे, तुलना प्रत्यक्षात १ या अंकाशी व्हावयाची. म्हणजे जेथे उत्तर ‘होय’ यावयास हवे नेमके तेथेच ते ‘नाही’ येई. २०१४ साली आलेल्या ३.१ या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र धोरण करावे लागले. शब्दाचा उच्चार आणि शब्दाच्या अर्थाचा वापर यांतील हा गोंधळ पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात (१.१.६८) निकालात काढला आहे : व्याकरणात शब्द आपल्या स्वरूपाचाच बोध करतो, अपवाद फक्त शास्त्राने केलेल्या संज्ञांचा. संज्ञा आणि सामान्य शब्द यांची सरमिसळ होऊ द्यावयाची नाही, ही सावधगिरी शास्त्र रचावयास बसलेल्याने आरंभीच घ्यावयाची असते.

अटीच्या काळाचा विचार झाला. आता अटीच्या विषयाचा. १९८० च्या दशकात युनिक्सच्या इतक्या उपजाती झाल्या होत्या की, ‘यंत्र अमक्या कंपनीचे असेल तर’ अशा अटींनी सोर्स कोड आणि मेकफाइल दोन्ही भरून गेले होते. १९९१ साली डेव्हिड मॅकेंझी यांनी आरंभिलेल्या ऑटोकॉन्फने प्रश्नच बदलला. यंत्राचे कुळ विचारू नका, अमुक फलन येथे चालते का ते विचारा. आणि विचारावयाचे म्हणजे एक चिमुकला प्रोग्राम लिहून तो संकलित होतो का, ते पाहा. पुढल्याच वर्षी, १९९२ मध्ये, हेन्री स्पेन्सर व जेफ कोलियर यांनी ‘इफडेफ’च्या सरसकट वापरावर एक गाजलेला निबंध लिहिला. अटी कोडभर विखरू नयेत, भेद एका ठिकाणी गोळा करून त्याला नाव द्यावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. कुळापेक्षा गुण पाहावा हे तत्त्व निर्विवाद बरोबर आहे, आणि नव्या यंत्रावर जुनी स्क्रिप्ट चालण्याची शक्यता त्यामुळेच निर्माण होते.

मात्र या पद्धतीत एक भोक राहिले, आणि ते किती मोठे आहे हे २०२४ साली जगाला कळले. चाचणी-प्रोग्राम संकलित झाला नाही की स्क्रिप्ट म्हणते, ‘ही सोय येथे नाही’. परंतु संकलन फसण्याची कारणे दोन असू शकतात. सोय खरोखर नसेल. किंवा प्रश्नच चुकीचा लिहिलेला असेल. ‘बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येणे, आणि विचारावयास गेलेला माणूस वाटेत अडकल्यामुळे काहीच उत्तर न येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्क्रिप्टच्या व्याकरणात त्या दोहोंची नोंद ‘नाही’ अशीच होते.

फायली दाबून लहान करण्याचे ‘एक्सझी’ नावाचे साधन लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक प्रणालीत असते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा घुसविलेला आहे. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढ्या खुणेवरून त्यांनी तो शोधून काढला. या चोरदरवाजाची वाट बिल्ड स्क्रिप्टमधून जात होती. प्रकल्पाच्या उघड भांडारात नसलेला, केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात घातलेला एक तुकडा काही अटी तपासून पाहत असे : यंत्र ६४ बिटांचे इंटेल घराण्यातील आहे ना, लिनक्स आहे ना, कंपायलर जीसीसी आहे ना, आणि बांधणी डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज करण्यासाठी चालली आहे ना. सर्व अटी पुऱ्या झाल्या तरच विषारी भाग जोडला जाई. जिज्ञासू माणसाने भांडारातील कोड घेऊन आपल्या यंत्रावर सहज बांधून पाहिला, तर त्याच्या पदरी स्वच्छ प्रोग्राम पडे. बांधणीची अट सामान्यतः ‘येथे काय आहे?’ असे विचारते. ही अट ‘पाहते कोण आहे?’ असे विचारीत होती.

याच प्रकरणातील दुसरी गोष्ट आकाराने क्षुद्र, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. लिनक्समधील लँडलॉक ही प्रोग्रामला मर्यादेत ठेवणारी संरक्षक सोय. ती उपलब्ध आहे का, हे पाहण्यासाठी एक्सझीच्या सी-मेक स्क्रिप्टमध्ये एक चाचणी-प्रोग्राम होता. त्या प्रोग्रामात एका ओळीवर नुसते एक टिंब घालून ठेवलेले आढळले. टिंबामुळे चाचणी कोठेही संकलित होणे शक्य नव्हते. म्हणून उत्तर सर्वत्र ‘लँडलॉक नाही’ असेच येई आणि संरक्षणाशिवाय प्रोग्राम बांधला जाई. बहुतेक वितरक सी-मेकऐवजी ऑटोकॉन्फच्या मार्गाने बांधणी करीत असल्यामुळे प्रत्यक्ष हानीचा आवाका मर्यादित राहिला, हे खरे. पण एक टिंब कोणाच्याही डोळ्यांत खुपले नाही, आणि खुपले असते तरी त्यात हेतू वाचणे अवघड होते. मराठी पुस्तकांची मुद्रिते तपासलेल्या कोणालाही एका अनुस्वाराने होणारे अर्थांतर परिचित आहे. तेथे निदान वाक्य वाचकासमोर तरी असते. येथे प्रश्न स्क्रिप्टच्या पोटात राहतो आणि वाचकाला फक्त उत्तर दिसते.

फसलेल्या संकलनाची नोंद ही साधने ठेवीतच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. ऑटोकॉन्फ ‘कॉन्फिग लॉग’मध्ये फसलेला प्रोग्राम आणि कंपायलरची तक्रार दोन्ही लिहून ठेवते, सी-मेकचीही अशी नोंदवही असते. तेथे त्या टिंबावरील तक्रार वाचता आली असती. पण बांधणी यशस्वी झाल्यावर नोंदवही उघडतो कोण? व्यवहारात उपयोगी पडेल असा उपाय दुसरा आहे. सोय ऐच्छिक आहे की अनिवार्य, हे बांधणाऱ्याने आधीच सांगावे, आणि अनिवार्य सोय न सापडल्यास बांधणी तेथेच थांबावी. ‘सापडली तर जोड, न सापडल्यास गप्प बस’ हा पूर्वनिर्धारित पर्याय संरक्षणाशी संबंध असलेल्या कोणत्याही सोयीला लावू नये.

येथवरच्या उदाहरणांत अट स्क्रिप्टमध्येच राहणार असे गृहीत होते. परंतु काही अटी तेथे असावयासच नकोत, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्या लिपीनेच पुरविले आहे. ‘लोहित’ हे मुक्त टंकसंच मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे; रेड हॅटने ते २००४ साली मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांची निगा मुख्यतः रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी राखली. आरंभीच्या काळात भाषेगणिक टंकसंच निराळा असे. हिंदीचा वेगळा, मराठीचा वेगळा, नेपाळीचा वेगळा, कोंकणीचाही वेगळा. लिपी एकच देवनागरी. पण मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून निराळी आहेत. ही वळणे महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही पुन्हा सांगितलेली आहेत. तेव्हा ‘भाषा मराठी असेल तर ही अक्षरे’ ही अट बांधणीच्या वेळीच निकालात काढून प्रत्येक भाषेचा टंकसंच अलग बांधावयाचा, ही रीत होती. तिची किंमत उघड आहे. एकाच ‘क’ची डागडुजी अनेक ठिकाणी करावी लागे, एका संचात सुधारलेले जोडाक्षर दुसऱ्यात तसेच राहून जाई.

पुढे हे सर्व संच ‘लोहित देवनागरी’ या एका संचात विलीन करण्यात आले. एका संचाला अनेक भाषांची वळणे सांभाळावयाची, तर त्यासाठी ओपनटाइप रचनेत स्थानिक रूपांची सोय आहे : दोन्ही वळणे एकाच संचात असतात, आणि मजकुरावर मराठीची खूण असेल तर मजकूर मांडणारा प्रोग्राम मराठी वळण उचलतो. म्हणजे अट बांधणीच्या काळातून उठून वाचनाच्या काळात गेली. हे स्थलांतर योग्य होते असे प्रस्तुत लेखकास वाटते, आणि त्याचे कारण सोयीचे नसून ज्ञानाचे आहे. मजकूर कोणत्या भाषेतला आहे, हे टंकसंच बांधणाऱ्याला कधीच ठाऊक असू शकत नाही. ते मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक असते. ज्याच्यापाशी उत्तर आहे त्याच्याकडेच प्रश्न गेला पाहिजे. जुन्या रीतीत एकाच पानावर मराठी उतारा आणि हिंदी उतारा आपापल्या वळणांत छापावयाचा, तर मध्येच टंकसंच बदलावा लागे. तौलनिक व्याकरणावर लिहिणाऱ्याला ही अडचण चांगली समजेल.

पण या बदलात एक ओझे लेखकाच्या शिरावर आले, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. मजकुरावर भाषेची खूण नसेल, किंवा शब्दसंपादकाने ती चुकीची लावलेली असेल, तर अक्षर मुकाट्याने पूर्वनिर्धारित वळणात उमटते. मराठी प्रबंधात पानोपानी हिंदी वळणाचा ‘ल’ दिसण्याचे हेही एक कारण आहे. येथेही ‘मराठी नाही’ आणि ‘भाषा सांगितलेलीच नाही’ या दोन निराळ्या स्थिती एकाच उत्तरात मिसळल्या आहेत. लँडलॉकच्या टिंबाशी याचे नाते हेतूचे नसले तरी व्याकरणाचे निश्चित आहे. भाषेगणिक टंकसंचाच्या रीतीत निदान हा धोका नव्हता.

त्याच लिपीत तिसराही प्रकार आहे, ज्यात अट कोणत्याच साधनावर सोपवून चालत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर. रफार आणि चंद्रकोरीसारखा र यांतील निवड भाषेवरून ठरत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. म्हणून युनिकोडने हा भेद मजकुरातच ठेवला : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्त. येथे टंकसंचाच्या स्क्रिप्टला विचारण्याजोगे काही उरतच नाही. तात्पर्याने अट नाहीशी झालेली नाही, ती लेखकाच्या बोटांपर्यंत मागे सरकली आहे.

अटींचा हा उपद्रव पाहून काहींनी त्या समूळ काढून टाकण्याचा मार्ग धरला. गूगलच्या क्रोमसाठी इव्हान मार्टिन यांनी लिहिलेल्या ‘निंजा’त अटी जाणूनबुजून ठेवलेल्याच नाहीत. निंजाची फाइल माणसाने लिहावयाची नसून सी-मेकसारख्या दुसऱ्या साधनाने लिहून द्यावयाची, अशी त्यामागील कल्पना. निंजा त्यामुळे अत्यंत वेगवान झाले. पण अटी मिटल्या असे म्हणता येत नाही, त्या मागच्या घरात राहावयास गेल्या. मागच्या घराचे व्याकरण सुधारले नसेल तर पुढचे अंगण कितीही स्वच्छ ठेवा.

अधिक विचारार्ह प्रयत्न बेझेलचा आहे. गूगलने हे साधन २०१५ साली सर्वांसाठी खुले केले. त्यातील ‘सिलेक्ट’ ही अट तीन बाबतींत वेगळी आहे. अटींना आधी नावे द्यावी लागतात व त्यांची व्याख्या एका ठिकाणी असते. कोणतीच अट जुळली नाही आणि पूर्वनिर्धारित शाखा स्पष्टपणे लिहिलेली नसेल, तर बांधणी त्रुटी दाखवून थांबते. आणि दोन अटी एकाच वेळी जुळल्या, तर जी अधिक विशेष असेल, म्हणजे जिच्यात दुसरीच्या सर्व मागण्या असून शिवाय आणखी एखादी मागणी असेल, ती जिंकते. तसे नसेल आणि दोघींची उत्तरे भिन्न असतील, तर पुन्हा त्रुटी. पाणिनीय परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाने येथे उत्सर्ग आणि अपवाद ओळखले असतील. मेकमध्ये एकाच चलाला दोनदा मूल्य दिले तर नंतरचे टिकते, हा १.४.२ मधील परबलीयस्त्वाचा साधा अवतार. तथापि नियमाची जागा हा निर्णयाचा दुबळा आधार आहे, हे परंपरेनेच पुढे ओळखले. काशीत राहिलेल्या नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय वैयाकरणाच्या परिभाषेंदुशेखरात पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद या क्रमाने उत्तरोत्तर बल मानले आहे. अपवाद सर्वांत बलवान. फ्रान्ट्स कीलहॉर्न यांनी पुण्यात राहून १८६८ ते १८७४ या काळात या ग्रंथाची संहिता व इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ओळी मागेपुढे सरकविल्या तरी निकाल बदलू नये, ही बेझेलची आकांक्षा जागेवरून नव्हे तर आशयावरून बल ठरविण्याचीच आहे.

बेझेलने काळाचा भेदही पाळला आहे. फायली वाचण्याचा, विश्लेषणाचा आणि क्रियेचा असे तीन टप्पे असून ‘सिलेक्ट’चा निकाल विश्लेषणात लागतो. त्यामुळे वाचनाच्या टप्प्यात चालणाऱ्या मॅक्रोला कोणती शाखा निवडली जाईल ते पाहताच येत नाही. नवशिक्याला हा जाच वाटतो. पण ग्नू मेकमध्ये जो प्रश्न चुकीच्या वेळी विचारून चुकीचे उत्तर मिळते, तो येथे विचारताच येत नाही.

उणीव मात्र येथेही आहे, आणि ती नेमकी आपल्या दुसऱ्या वाक्याची आहे. ‘सिलेक्ट’ला आधी जाहीर केलेल्या गोष्टींविषयीच विचारता येते : कोणता मंच, कोणता पर्याय. ‘या यंत्रावर अमुक ग्रंथालय बसविलेले असेल तर’ असे यंत्राकडे जाऊन पाहून येण्याचे काम त्याच्या कक्षेबाहेर आहे. ते काम ‘रिपॉझिटरी रूल’ नावाच्या वेगळ्या कोपऱ्यात करावे लागते. त्या कोपऱ्यात काळाची शिस्त नाही, विशेष-सामान्याचा नियमही नाही. आहे तो ऑटोकॉन्फचाच जुना चाचणी-प्रोग्राम, नव्या भाषेत लिहिलेला. तो फसला तर सोय नसल्यामुळे फसला की प्रश्न चुकल्यामुळे, हे लिहून ठेवण्याची तजवीज स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाच करावी लागते.